रिकाम्या पोटी यावे

शरीरातून काढलेलं हृदय काचेच्या नळीवर टांगून धडधडत ठेवायचं, हे काम ज्याला जमतं त्याच्याशी लोक जरा जपूनच बोलतात. संशोधन केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर ते एकाच मुलीला जमायचं, म्हणून सगळे तिला ठोकेबाई म्हणत. वय काही बाई म्हणण्याचं नव्हतं, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलंच. पांढऱ्या उंदराचं वाटाण्याहून जरासं मोठं हृदय ती दोऱ्यानं नळीला बांधायची, त्यातून साखर आणि चरबी मिसळलेलं कोमट पाणी सोडायची, आणि मालक वारल्याची खबर न मिळाल्यासारखं ते हृदय आपलं उडत राहायचं. मग ती मोजायची, की हे हृदय जळण म्हणून काय वापरतंय, साखर की चरबी. हृदयाला दोन्ही चालतं. त्याचे नखरे नसतात, नखरे असतात ते संशोधकांचे.

तळमजल्यावर गॅसदादा होता. तो डॉक्टरेट मिळवलेला, ठोकेबाईपेक्षा बराच वरिष्ठ, आणि स्वच्छतेच्या बाबतीत अवघड माणूस. टेबलावर पाण्याचा थेंब दिसला तर त्याला रात्रभर झोप लागायची नाही. त्याच्याकडे एक मोठी काचेची पेटी होती. तिच्यात उंदीर बसवायचे आणि मोजूनमापून क्लोरीन सोडायचा, म्हणजे गॅसगळतीत सापडलेल्या माणसाचं काय होतं ते कळावं. शेजारी तशीच एक जुनी पेटी होती. तिच्यातल्या उंदरांना नुसती शुद्ध हवा मिळायची. ते तुलनेसाठी. गॅसवाले आणि हवावाले असे दोन्ही उंदीर मग ठोकेबाईकडे वर यायचे.

आणि या दोघांच्या डोक्यावर मोठे सर.

मोठ्या सरांचा शोध एव्हाना सगळीकडे गाजला होता. विषारी गॅस फुप्फुसात गेला, की हृदय साखर सोडतं आणि चरबीच्या मागे लागतं, असा तो शोध. ठोकेबाईचे आलेख त्याची साक्ष देत. हवावाल्या उंदरांची हृदयं साखर खायची, गॅसवाल्यांची तिला शिवायचीही नाहीत. फरक इतका लख्ख, की आलेख बघून पाहुणे खुर्चीत सावरून बसायचे. डोंगर पोखरून उंदीर काढतात असं आपण ऐकलेलं असतं. मोठ्या सरांनी उंदीर पोखरून डोंगर काढला होता, आणि त्या डोंगरावर ते झेंडा घेऊन उभे होते.

"पण सर, गॅस तर फुप्फुसात जातो," असं कुणी नवखं म्हणालंच तर सर मायेनं हसायचे. "फुप्फुसाला कोण विचारतं? हृदय म्हटलं की माणूस कान टवकारतो."

त्यावर त्यांनी औषधही शोधलं होतं. हृदयाला चरबी जाळूच न देणारी गोळी. चरबी बंद केली की ते झक मारत साखरेकडे परत येईल, असा हिशेब. उंदरांवर झालं, आता माणसांची पाळी होती.

माणसं शोधायला लांब जावं लागलं नाही. ठोकेबाईचे वडील सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर पंप चालवायचे. आदल्या वर्षी पंपघरात क्लोरीनची टाकी फुटली, तेव्हा आत अडकलेल्या दोन झाडूवाल्यांना बाहेर काढायला ते दोनदा आत गेले होते. झाडूवाले बरे झाले. बाबांच्या छातीत मात्र तेव्हापासून शिट्टी वाजायची. दोन मजले चढायचे तर मध्ये टेकायला लागायचं, आणि टेकलेलं कुणी बघितलं की चपलेत खडा गेल्याचं नाटक करायचे.

"माझ्या लेकीचं औषध आहे," ते सगळ्यांना सांगत सुटले. "सातासमुद्रापलीकडे नाव झालंय तिचं." नुसतं सांगून थांबले नाहीत, तर त्या दिवशी बाहेर पसरलेला गॅस लागलेल्या तलावावरच्या सगळ्यांना गोळा करून केंद्रात घेऊन आले. मोठ्या सरांना इतके रुग्ण आयते मिळाले, की त्यांनी बाबांना स्वतःच्या हातानं खुर्ची दिली.

गोळी द्यायच्या आधी सगळ्यांच्या हृदयाचं स्कॅन झालं. शिरेतून खूण केलेली साखर सोडायची आणि हृदय ती ओढतंय का ते पडद्यावर बघायचं. ओढत असेल तर हृदय उजळतं, नसेल तर काळं राहतं. तलावावरच्या झाडून सगळ्यांची हृदयं काळीठिक्कर निघाली. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांची दिव्यासारखी उजळली. मोठ्या सरांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

"माझं हृदय अगदी तुझ्या उंदरांसारखं निघालं," बाबा घरी येऊन आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. एखाद्याला मुलगी पहिली आल्याचा व्हावा तेवढा आनंद त्यांना झाला होता.

आणि मग तो बुधवार उजाडला.

त्या दिवशी गॅसदादाच्या टाकीच्या झडपेचा दांडा तुटला. क्लोरीनचा एक कणही पेटीत जाईना. गॅसवाले उंदीर पेटीत बसले, वास घेतला तर नुसती हवा. गॅसदादानं वर फोन केला, "आजचा प्रयोग रद्द." पण ठोकेबाईचं पाणी तापलेलं, नळ्या धुतलेल्या, दोरे कापलेले. सगळं ओतून द्यायचं तिच्या जिवावर आलं. ती म्हणाली, पाठवा तसेच. गॅस लागला नाही तर नाही, तेवढाच माझ्या यंत्राचा सराव होईल.

उंदीर आले, हृदयं टांगली, मोजमाप झालं. आलेख बघितला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. गॅस न घेतलेल्या गॅसवाल्यांनी साखरेला शिवलंही नव्हतं. तोच फरक, तोच लख्खपणा. ज्या गॅसवर सगळं केंद्र जगत होतं, त्या गॅसवाचून काही अडलंच नव्हतं.

ती जिना उतरून खाली गेली. गॅसदादा पेटीच्या काचा पुसत होता.

"दादा, गॅसवाल्या उंदरांचं तुम्ही वेगळं काय करता?"

"वेगळं? काही नाही," तो म्हणाला. "आदल्या दिवशी त्यांचं खाणं काढून घेतो, एवढंच."

"खाणं काढता? का?"

"अगं, खाल्लं की घाण करतात. घाणीचा वायू क्लोरीनमध्ये मिसळला की मोजमाप बिघडतं. शिवाय काच खराब होते ती वेगळीच. नवीन पेटी आहे ती."

"आणि हवावाल्यांचं?"

"त्यांचं कशाला काढू? त्यांची पेटी जुनीच आहे." मग त्याचा चेहरा मवाळ झाला. "आणि त्या बिचाऱ्यांनी काय पाप केलंय? त्यांना चालू द्यावं पोटभर."

ठोकेबाई तिथंच स्टुलावर बसली. उपाशी प्राण्याचं हृदय साखर सोडून चरबी जाळतं, हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. साखर संपत आली की शरीर ती मेंदूसाठी राखून ठेवतं आणि हृदयाला म्हणतं, तू चरबीवर भागव. हा आजार नव्हे, घरातल्या शहाण्या बाईनं महिनाअखेर करावी तशी काटकसर आहे. इतक्या मोठ्या सरांनी, इतक्या मोठ्या यंत्रांनी, इतक्या मोठ्या पाहुण्यांसमोर शोध लावला होता तो हा, की उपाशी उंदराला भूक लागते.

आणि त्याच क्षणी तिला तलावावरची माणसं आठवली. स्कॅनच्या चिठ्ठीवर त्यांना ठळक अक्षरांत लिहून दिलं होतं, 'रिकाम्या पोटी यावे.' बाबांनी तर आदल्या संध्याकाळपासून पाण्यावर काढलं होतं, लेकीचं नाव खाली जायला नको म्हणून. आणि तुलनेचे निरोगी लोक? ते केंद्राच्याच कचेरीतले. त्यांना चिठ्ठी कुणी देणार? स्कॅनवाल्यानं खाली निरोप धाडला, आणि ते कॅन्टीनमधून तोंड पुसत थेट वर आले होते. उंदरांशी केलं तेच माणसांशी केलं होतं. पंक्तिभेदाला निदान शास्त्रीय सातत्य तरी होतं.

आता हसायला हरकत नव्हती, पण गोळी होती. उपाशी हृदय ज्या चरबीवर तग धरतं, तीच ही गोळी तोडणार. शिट्टी वाजणाऱ्या छातीच्या, दोनदा गॅसमध्ये शिरलेल्या माणसाच्या धडधाकट हृदयाचं जळण काढून घेणार. आणि पुढच्याच आठवड्यात पाहणी समिती यायची होती. तिच्यासमोर पहिली गोळी कुणाला द्यायची हे मोठ्या सरांनी ठरवलं होतं. बाबांना.

ती सरांकडे गेली. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मोठी माणसं ऐकतात फार शांतपणे, तेवढ्यात त्यांचं उत्तर तयार होत असतं.

"उंदीर उपाशी होते, मान्य," ते म्हणाले. "पण गॅसही होताच ना?"

"बुधवारी नव्हता, सर."

"एक दिवस गॅस नव्हता म्हणून गॅसच नव्हता असं होतं का?"

"पण परिणाम तोच आला."

"मग चांगलंच आहे की! परिणाम किती पक्का आहे बघ. गॅस नसतानाही येतो."

सरांनी खुर्ची पुढे घेतली आणि आवाज खाली आणला.

"हे बघ, भूक हा तपशील आहे. तपशिलात माणूस हरवतो. समिती जाऊ दे, मग बघू सावकाश. तुझा प्रबंध माझ्या टेबलावर सहीसाठी पडलाय, ठाऊक आहे ना? इतकी वर्षं काढलीस. आता हात दाखवून अवलक्षण कशाला?"

ती बाहेर आली ती रागावूनच. सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचा आला होता, कारण सही म्हटल्यावर ती क्षणभर गप्प बसली होती.

घरी तिनं बाबांना सांगून बघितलं, की तुम्ही गोळी घेऊ नका. बाबांना ते पटेना.

"मी माघार घेतली तर बाकीचे काय म्हणतील? मीच आणलंय त्यांना. पंपवाला लेकीच्या औषधाला भ्याला, असं म्हणतील."

"ते औषध चुकीचं आहे, बाबा."

"चुकीचं असतं तर एवढ्या मोठ्या माणसांना कळलं नसतं का?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, ती सांगतेय तर ऐका की." पण लेकीचं ऐकायचं की लेकीच्या केंद्राचं, या पेचात बाबांनी केंद्राला कौल दिला. कारण केंद्राची इमारत जास्त उंच होती.

समितीच्या दिवशी ठोकेबाई बाबांना घेऊन निघाली ती पिशवी भरून. फाटकाबाहेरच्या बाकावर त्यांना बसवलं आणि पिशवीतून ब्रेड, उकडलेली अंडी, केळी आणि गोड चहाचा थर्मास काढला.

"खा."

"वेडी झालीस का? चिठ्ठीवर लिहिलंय."

"चिठ्ठी मी बघते. तुम्ही खा."

"अगं, तुझ्या सरांनी—"

"बाबा," ती म्हणाली, "आजपर्यंत तुम्ही माझ्यासाठी उपाशी राहिलात. आज माझ्यासाठी खा. आणि आत ती नर्स गोळ्या देईल त्या गिळू नका. मुठीत ठेवा. मी सांगेपर्यंत उघडू नका."

बाबांनी लेकीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी बघायची त्यांना सवय नव्हती. ते खाऊ लागले. आणि एकदा सुरुवात केल्यावर लक्षात आलं, की पोटात कावळे सकाळपासून ओरडत होते. अंडी संपली, केळी संपली, ब्रेडचा शेवटचा तुकडा त्यांनी चहात बुडवून खाल्ला.

आत नर्सनं कागदी कपात दोन गोळ्या दिल्या आणि पाणी द्यायला वळली. बाबांनी गोळ्या मुठीत ओतल्या, रिकामा कप तोंडाला लावला, पाणी प्यायले, मान वर करून गिळल्यासारखं केलं. आयुष्यभर पाने आणि झडपा फिरवलेली त्यांची मूठ, ती एकदा मिटली की कुणाला उघडता येण्यासारखी नव्हती. तसेच मूठ मिटून ते स्कॅनच्या यंत्रात जाऊन झोपले.

थोड्या वेळानं सभागृहात दिवे मंद झाले. पहिल्या रांगेत समिती, मधोमध अध्यक्षबाई, समोर मोठा पडदा. पडद्यावर आधी जुनं स्कॅन आलं, बाबांचं काळं हृदय. मोठे सर गंभीर आवाजात म्हणाले, "हा माणूस आमच्याकडे आला तेव्हाची ही अवस्था. आणि हे आजचं."

बाबांचं हृदय पडद्यावर उजळलं. असं उजळलं, की मागच्या रांगेतल्या कुणीतरी "वा!" म्हटलं. साखर अशी ओढत होतं जणू कधी मिळालीच नव्हती.

मोठे सर एक क्षण स्वतःच चकित झाले. गोळीनं इतक्या लवकर असं काही करावं ही त्यांचीही अपेक्षा नव्हती. पण सावरायला त्यांना वेळ लागत नसे. "एका डोसमध्ये!" ते म्हणाले. "सकाळी गोळी, आणि आता हे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. यंत्रातून नुकतेच उठून आलेले बाबा बाजूला खुर्चीवर बसले होते. त्यांनाही वाटलं टाळ्या वाजवाव्यात, पण एक मूठ मिटलेली होती.

ठोकेबाई उठून उभी राहिली. प्रबंध, सही, इतकी वर्षं, सगळं त्या टाळ्यांत तिला वाहून जाताना दिसलं.

"हे गोळीनं झालेलं नाही," ती म्हणाली. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाली, "गोळीनं झालं नाही. ब्रेड आणि अंड्यांनी झालंय. बाबा, मूठ उघडा."

बाबांनी मूठ उघडली. घामानं जरा विरघळलेल्या दोन गोळ्या तळहातावर होत्या.

मग तिनं सगळं सांगितलं. उपाशी उंदीर, जेवलेले उंदीर, चिठ्ठी, कॅन्टीन. गॅसदादा मध्येच उठून म्हणाला, "पण पेटी स्वच्छ राहायची, हे लक्षात घ्या!" त्याला कुणीतरी खाली बसवलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे या रुग्णांच्या हृदयाला काही झालेलंच नाही?"

"नाही," ठोकेबाई म्हणाली. "ते उपाशी होते."

"या गोळ्या आजच्या आज बंद करा. कुणालाच द्यायच्या नाहीत." अध्यक्षबाईंनी एवढं म्हटलं आणि मोठ्या सरांकडे बघितलं.

मोठे सर घसा खाकरून उभे राहिले. पडलं तरी नाक वर, ही विद्या त्यांना अवगत होती. "भुकेचा हृदयावर होणारा परिणाम," ते म्हणाले, "या मूलभूत विषयाकडे जगाचं दुर्लक्ष झालं आहे. आमच्याकडे त्याची अमाप माहिती आपोआप जमा झालेली आहे. मला वाटतं, नव्या प्रकल्पाची हीच वेळ आहे." आणि काय सांगावं, दोन-तीन माना डोलल्यासुद्धा! खाली बसता बसता ते ठोकेबाईला हळूच म्हणाले, "टेबलावरून प्रबंध घेऊन जा. सही होणार नाही."

तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी लागलं. आपलं काम झालं, असं तिच्या मनात आलं. बाबा वाचले, तलावावरचे सगळे वाचले. तिनं बाबांचा हात धरला आणि त्यांना उठवायला लागली.

पण बाबा उठेनात. ते अजून पडद्याकडे बघत होते, आपल्याच उजळलेल्या हृदयाकडे.

"मॅडम," ते अध्यक्षबाईंना म्हणाले, "म्हणजे माझं हृदय चांगलं आहे?"

"उत्तम आहे."

"बरं झालं." ते थांबले. छातीतली शिट्टी त्या शांत सभागृहात सगळ्यांना ऐकू आली. "मग मला जिना का चढवत नाही?"

अध्यक्षबाईंनी मोठ्या सरांकडे बघितलं. सरांनी गॅसदादाकडे बघितलं. गॅसदादानं वर, ठोकेबाईकडे बघितलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशी इतकी वर्षं इतकी माणसं हृदयावर पाणी ओतत बसली होती. आणि ठोकेबाईला दिसलं ते तिचं स्वतःचं टेबल. प्रत्येक उंदराची छाती ती उघडायची, हृदय नीट काढून घ्यायची, आणि उरलेलं पिवळ्या पिशवीत टाकून गाठ मारायची. गॅस घेतलेली ती सगळी फुप्फुसं तिच्याच हातातून गेली होती. तिनं एकही उलटून बघितलं नव्हतं. काढताना हृदयावर येतात म्हणून ती बाजूला सारायची, बस.

"सांग ना," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. लेकीला ठाऊक असणार याची त्यांना खात्री होती.

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "आम्ही बघितलंच नाही."

विरघळलेल्या गोळ्या बाबांनी समोरच्या चहाच्या कपात टाकल्या, तळहात पँटला पुसला आणि शर्टाचं वरचं बटण काढलं.

"मग बघा की आता," ते म्हणाले. "मी आहे अजून."